क्रोशाच्या कामातली टोकं कशी दडवायची

कानबाईच्या चौरंगावरचा रुमाल असो की दाराचं तोरण, एक-दोन धुण्यांत धाग्याचं टोक बाहेर डोकावलं की समजा, ते एकाच दिशेने ओवलं होतं. विणकाम ताणलं जातं तसं असं टोक आल्या वाटेने परत सरकतं.

मुळात टोक 15 सेंटीमीटर तरी ठेवा. बोटभर ठेवलं तर ते नेढ्यात घातल्यावर ओवायला काही उरतच नाही. मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई घ्या आणि काम उलट्या बाजूने करा. खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्यांच्या, पायथ्यातून 5 सेंटीमीटर सरळ जा. मग शेवटचा एक पदर सोडून त्याच वाटेने 3 सेंटीमीटर मागे या आणि पुन्हा 2 सेंटीमीटर पुढे. तो सोडलेला पदरच टोकाला अडवून धरतो. तो विसरलात तर मागे येताना पहिलं ओवलेलंही उसवतं.

चकचकीत सुती दोरा फार निसटता असतो. त्यासाठी मागे येताना टोकदार सुईने दोऱ्याचा पीळ फोडून आतून जा. वैशाखाच्या वाऱ्यात तोरण दिवसभर हलतं, तिथे ही मेहनत घ्याच. जाळीच्या मोकळ्या साखळीत टोक कधीच लपत नाही, ते जवळच्या भरीव खांबांपर्यंत न्या.

रंग बदलताना खांबाचे शेवटचे दोन फास क्रोशाच्या सुईवर असतानाच नवा दोरा ओढून घ्या. गाठ मारून टोक खेटून कापू नका. गाठ सुटते, नाहीतर सुलट बाजूला फुगवटा दिसतो. जुनं टोक मागच्या ओळीच्या माथ्यावर धरून त्यावर 8-10 मुके खांब (बुटके, घट्ट टाके) विणले तर बरंच काम वाचतं, पण उरलेलं टोक सुईने एकदा उलट्या दिशेने फिरवायलाच हवं. पांढऱ्या विणीखाली लाल टोक मात्र ठेवू नका, ते आरपार दिसतं.

तीन रंगांच्या एका चौकोनाला सहा टोकं. वीस चौकोन झाले की 120! म्हणून चौकोन झाला की हातासरशी त्याची टोकं ओवून टाका.

कापण्याआधी विणकाम आडवं-उभं ताणा, अर्धा सेंटीमीटर टोक राखून कापा. एकदा धुऊन वाळल्यावर उरलेलं छाटा. काडीने जाळू नका: ॲक्रिलिक लोकर वितळून टोचणारा कडक मणी होतो आणि सुती दोरा नुसता जळून काळा पडतो.