एआयकडून सॉफ्टवेअरचं डिझाइन तपासून घेताय? या चुका टाळा

रत्नागिरीत माझ्याकडे नवशिकी मुलं डिझाइन दाखवायला येतात. हल्ली पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "सर, एआयनं बघितलंय, बरोबर आहे म्हणालं." मी विचारतो, तू त्याला विचारलंस काय? बहुतेकांनी विचारलेलं असतं, "हे डिझाइन चांगलं आहे ना?" असं विचारलं की बहुधा होकारच येणार, ही मॉडेलं विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात. मी असं लिहितो : "हे कुठे मोडेल त्या तीन जागा दाखव. प्रत्येक ठिकाणी कशानंतर काय घडलं की मोडेल, तो क्रम लिही." क्रम मागितला की पोकळ उत्तर लगेच उघडं पडतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे डिझाइनच्या आकृतीतले नुसते चौकोन आणि बाण देणं. देवगडच्या एका बागायतदार काकांसाठी आम्ही हापूसच्या ऑर्डरी नोंदवायचं ॲप केलं होतं. डिझाइन मी एआयला दाखवलं, भाग नीट वेगळे केलेत असा शेरा मिळाला आणि मी पुढे गेलो. एप्रिलमध्ये ऐन हंगामात काकांचा फोन आला, "माल दोनदा गेलो, पैसे एकदाच इले!"

त्यांचा मुलगा बागेतूनच मोबाइलवर ऑर्डरी भरायचा. कलमांत रेंज येते-जाते. 'नोंदवा' दाबलं की ऑर्डर सर्व्हरवर पोचायची, पण पोच परत येताना रेंज जायची. स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं, म्हणून तो पुन्हा दाबायचा. एकाच गिऱ्हाइकाच्या दोन ऑर्डरी, दोन पेट्या. रेंज जाते हे माझ्या आकृतीत कुठेच नव्हतं, मग एआयला ते कळणार कसं?

उपाय साधा होता. फॉर्म उघडतानाच फोन एक वेगळा क्रमांक तयार करतो, तोच प्रत्येक प्रयत्नाबरोबर जातो, आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन आहे, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदवता येत नाही. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला की जुनीच पोच परत जाते. या क्रमांकाला आयडेम्पोटन्सी की म्हणतात.

तेव्हापासून मी आधी पेन्सिलने प्रत्येक बाणाशेजारी लिहितो : निरोप पोचला, उत्तर आलं नाही, तर? वापरणारा कुठे उभा आहे, एका वेळी किती जण, लाइट गेली तर काय, हेही लिहितो. मग तो कागद टाइप करून एआयला देतो. मुलांना हा अर्धा तास जड जातो. पण तो वाचवणाऱ्याचं डिझाइन मी बघत नाही.

आकृतीचा फोटो देऊ नका. मर्मेड किंवा प्लँटयूएमएलमध्ये, म्हणजे आकृती शब्दांत लिहायच्या भाषेत, लिहून द्या. फोटोत बाणाची दिशा उलटी वाचली जाऊ शकते.

अख्खा प्रोजेक्ट एकदम ओतू नका, लांब मजकुराच्या मधल्या भागाकडे दुर्लक्ष होऊ शकतं.

पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली), गिऱ्हाइकांचे नंबर चिकटवू नका. कधीच नाही.

मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे एका ॲपचे छोटे-छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम करायचा, सल्ला आला तर आधी टीममधली माणसं मोजा. दोघांना एकच ॲप्लिकेशन पुरतं.

ज्या चॅटमध्ये डिझाइन करून घेतलंत, त्यातच ते तपासू नका. नवीन चॅट उघडा.

आणि प्रत्येक शेरा वाचताना आकृतीवर बोट ठेवा. एका मुलाने एआयच्या सांगण्यावरून दोन दिवस डेटाबेसमधल्या एका टेबलाचं लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी बदल करू नये म्हणून लावलेलं कुलूप) दुरुस्त करायचा प्रयत्न केला. ते टेबल त्याच्या डिझाइनमध्ये नव्हतंच.