मटण खाणाऱ्या घरात ताजी मासळी: आणायची कशी आणि शिजवायची कशी

घाटावरच्या म्हणजे कोल्हापूर सातारा सोलापूरकडच्या घरांत रविवार म्हणजे मटण, नाहीतर चिकन, आणि मासे खायचे तर हॉटेलात जाऊन सुरमई थाळी, असं ठरूनच गेलंय. घरी का नाही करत विचारलं की वास येतो, काटे असतात, ताजं कुठलं शिळं कुठलं कळत नाही आणि कालवणात सगळं तुटून जातं, एवढंच ऐकायला मिळतं. काटे सोडले तर यातलं बाकी सगळं टाळता येतं आणि ते कसं तेच सांगतेय. मूळ फरक एकच लक्षात घ्या, मटणाची मेहनत गॅसवर असते आणि मासळीची मेहनत बाजारात. मटण जरा जून निघालं तरी कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढून आणि मसाला चढवून वेळ निभावता येते, पण शिळा मासा आणला तर जगातला कुठलाही मसाला त्याला वाचवू शकत नाही, आणि ताजा आणला तर मीठ हळद तिखट आमसूल एवढ्यावरही जेवण होतं.

याचं कारणही साधं आहे. बकरा दिवसभर चार पायांवर उभा राहतो, चढतो, पळतो, म्हणून त्याच्या मांसात कोलॅजनचे चिवट धागे भरपूर असतात आणि ते विरघळायला तासभर तरी आच लागते. मासा पाण्यात तरंगतो, त्याच्यात कोलॅजन कमी आणि जे असतं ते थोड्याशा उष्णतेतच सुटतं, त्यामुळे पाच-सात मिनिटांत काम संपतं, आणि पंधरा मिनिटं उकळत ठेवला तर मासा कोरडाही होतो आणि तुटतोही. ज्यांना मटण शिजवायची सवय आहे त्यांच्या हातून मासे बिघडतात ते बहुतेक वेळा जास्त शिजवल्यामुळेच.

आता बाजार. घरून मेनू ठरवून जाऊ नका, हे मी सगळ्यांना सांगते. "आज पापलेटच" असं ठरवून गेलात की जे पापलेट असेल ते, जसं असेल तसं आणि ज्या भावात असेल त्या भावात घेऊन याल, त्यापेक्षा आधी सगळ्या बाजारात एक चक्कर मारा, आज कुठला मासा चमकतोय ते बघा आणि मग घरी काय करायचं ते ठरवा. मुंबईत सिटीलाईटचा बाजार असो, पहाटेचा भाऊचा धक्का नाहीतर ससून डॉक असो किंवा पुण्यातली गणेश पेठ, नियम हाच. कोकणात गेलात तर हर्णैला संध्याकाळी बोटी आल्या की किनाऱ्यावरच लिलाव लागतो तो एकदा तरी बघाच, ताजी मासळी दिसते कशी हे डोळ्यात बसतं आणि मग शहरातल्या बाजारात फसायला होत नाही.

वारही बघा. बुधवार शुक्रवार रविवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. सोमवार गुरुवार अर्धं गाव खात नाही, मग ज्यांच्या घरी वाराचं काही नसतं त्यांनी त्या दिवशी जावं, माल कमी असतो पण कोळीण मावशींना बोलायला वेळ असतो आणि भावही जरा खाली येतो.

ताजेपणा ओळखायचा तर सगळ्यात आधी डोळा. डोळा फुगीर आणि काचेसारखा पाहिजे, आत गेलेला आणि पांढुरका झालेला असेल तर पुढे चला. मग कल्ला (मासा श्वास घेतो तो गालाजवळचा भाग) उघडून बघा, आत लालभडक आणि ओलसर पाहिजे, तपकिरी किंवा चिकट नको. मग बोटाने अंग दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे, आणि पोटाकडे नक्की दाबा कारण मासा आधी पोटातून सुटतो. वास समुद्राचा यायला हवा, नाक मुरडावं लागलं तर घेऊच नका. लोक लाजतात मासा हातात घ्यायला, अजिबात लाजू नका, चांगला माल असेल तर कोळीण स्वतःच उघडून दाखवते, "बघ गो बाय, कल्ला बघ कसा लाल हाय" म्हणत. जी हात लावू देत नाही तिच्याकडे घ्यायचं नाही, संपला विषय.

प्रत्येक माशाची अजून एक वेगळी खूण असते. पापलेट कल्ल्यापाशी दाबलं की पांढरट पाणी आलं तर ताजं आणि लालसर आलं तर शिळं, हे आमच्याकडे सगळ्या जुन्या बायका करून बघतात. बोंबील गुलाबीसर आणि चकचकीत पाहिजे, पिवळा पडलेला नको. बांगड्याच्या पाठीवरचे निळे हिरवे पट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत आणि शेपटी धरून आडवा उचलला तर ताठ राहिला पाहिजे, मान टाकली की शिळा. कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं हवं, लोंबायला लागलं किंवा काळं पडलं की सोडा. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या घ्या, उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका, आणि शिजल्यावर जी उघडत नाही ती पण फेका. खेकडा जिवंत आणि हातात जड लागला पाहिजे. सुरमईच्या आधीच कापून ठेवलेल्या तुकड्या शक्यतो नको, अख्खी बघून समोर कापून घ्या, आणि कापलेलीच घ्यावी लागली तर मधल्या काट्यापासून मांस सुटलंय का बघा, सुटलं असेल तर जुनी.

अजून एक. डोळा आत गेलाय, कल्ला फिका आहे आणि अंग मात्र दगडासारखं कडक आणि वासही काहीच नाही, असं उलटसुलट दिसलं तर मला तो मासा नको वाटतो. २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) असल्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. ओळखीची कोळीण असणं हाच यावर सगळ्यात चांगला इलाज, दर वेळी तिच्याकडूनच घ्या, दोन-तीन महिन्यांत ती स्वतःच सांगायला लागते की ताई आज सुरमई नको नेऊ, बर्फातली आहे, मांदेली ने.

कापून घेताना काय करणार ते आधी सांगा. तळायला हवं तर बोटभर जाडीच्या तुकड्या, कालवणाला जरा जाड, डोकं वेगळं आणि गाभोळी (माशाची अंडी) असेल तर जपून ठेवायला सांगा, फेकू देऊ नका, ती तव्यावर परतून खाण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. सुरमईचं किंवा रावसाचं डोकं म्हणजे कालवणाचा जीव. हिशोब मात्र मटणासारखा करू नका, एक किलो मटणात चार-पाच माणसं जेवतात पण एक किलो कोळंबी सोलली की निम्मीच उरते, आणि वाट्यावर, म्हणजे मांडलेल्या ढिगाच्या भावाने, घेताना तर वाटा वरून मोठा दिसतो, खालून बघून घ्यायचा.

घरी नेताना बर्फ मागून घ्या, आणि मासे गाडीच्या डिकीत ठेवून बाकीची खरेदी करत फिरू नका. बांगडा, सुरमई, कुपा (टूना) हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, त्याने तोंड लाल होतं, अंगावर गांधी येतात, डोकं दुखतं, लोक म्हणतात ॲलर्जी झाली, आणि हे हिस्टामीन एकदा तयार झालं की कितीही शिजवा, जात नाही. म्हणून मासळी बाजारात सगळ्यात शेवटी जायचं आणि तिथून सरळ घरी.

घरी आल्यावर दोन-तीन पाण्यातून धुवा, पोटातली काळी पातळ त्वचा आणि काट्याला चिकटलेलं रक्त बोटाने घासून काढा, वासाचं अर्धं मूळ तिथेच असतं. मग मीठ हळद आणि आमसुलाचं आगळ (घट्ट रस) नाहीतर लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. आंबट लावायचं ते उगीच नाही, माशाला वास देणारे पदार्थ आम्लाने बांधले जातात, म्हणून किनाऱ्यावर जिथे जाल तिथे कालवणात चिंच, कोकम नाहीतर कैरी असतेच. पाण्यात भिजवून मात्र ठेवू नका, चव निघून जाते.

पहिल्यांदा करत असाल तर बांगड्याचं कालवण करा, स्वस्त असतं आणि चुकलं तरी जीव जळत नाही. पाच-सहा बांगड्यांना एक मोठी वाटी ओलं खोबरं, गरम पाण्यात भिजवलेल्या सात-आठ ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार-पाच लसूण पाकळ्या, थोडा कच्चा कांदा आणि हळद, हे सगळं एकदम बारीक वाटा, मिक्सर थांबवून बोटांना रवाळ लागतंय का बघा, लागलं तर अजून फिरवा. सहा-सात तिरफळं (कोकणातला मिऱ्यासारखा झणझणीत मसाला) आतली काळी बी काढून ठेचून घ्या. वाटणात पाणी, मीठ, तिरफळं आणि चार-पाच आमसुलं घालून आधी नुसतं कालवण पाच मिनिटं उकळू द्या, मसाल्याचा कच्चेपणा मासे घालायच्या आधीच जायला हवा. मग बांगडे सोडा, आच कमी करा आणि यापुढे आत चमचा घालायचा नाही, भांडं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं. सहा-सात मिनिटांत काट्यापाशी मांस पांढरं झालं की गॅस बंद, वरून चमचाभर कच्चं खोबरेल. फोडणी नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर नसली तरी चालते.

घाटावरच्यांना इथेच हात आवरत नाही, कांदा खोबरं भाजून, कांदा-लसूण मसाला, वरून गरम मसाला, मग खाताना मटणाचाच रस्सा लागतो आणि मासा कुठे गेला कळत नाही. भाजकं वाटण तिसऱ्यांना, खेकड्याला, कोळंबीला छान लागतं, तिथे खुशाल वापरा. पापलेट बोंबील बांगड्याला नको. नारळ नकोच असेल तर आगरी-कोळी पद्धत करा, तेलात ठेचलेला लसूण, मग आलं लसूण मिरची कोथिंबिरीचं हिरवं वाटण, घरचा लाल मसाला, चिंचेचा कोळ, पातळसर रस्सा, आणि बोंबील असतील तर घातल्यावर तीन-चार मिनिटं बास, त्याच्यात पाणीच इतकं असतं की जास्त झालं की विरघळतो.

तळायचं तर तुकड्यांचं सुटलेलं पाणी आधी निथळून टाका, मग लसूण-तिखट चोळा, तांदळाचं पीठ आणि थोडा रवा मिसळून त्यात दाबून घोळवा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर मध्यम आचेवर सोडा. सोडल्यावर तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू तयार झाली की तुकडी आपोआप तवा सोडते, त्याआधी उलथनं घातलं की कुरकुरीत पापुद्रा तव्याला आणि मासा पोपडे निघालेला. बोंबील तळायचे तर मधून चिरून उघडा, फडक्यात गुंडाळून वर पोळपाट आणि पाण्याचं पातेलं ठेवून अर्धा तास दाबा, पाणी निघाल्याशिवाय कुरकुरीत होतच नाहीत.

काट्यांची भीती असेल तर सुरुवात सुरमई, रावस, हलवा, पापलेटपासून करा, मधला काटा काढला की मुलंही खातात. करली, भिंग यांची चव अप्रतिम पण काट्यांचं जाळं, ते नंतर.

खर्चाचं म्हणाल तर पापलेट सुरमई मटणाशी बरोबरी करतात किंवा पुढेही जातात, पण बांगडा, तारली, मांदेली मटणाच्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि ओमेगा थ्री तर याच तेलकट छोट्या माशांत भरपूर असतं. लोह मात्र मटणात जास्त, ते मान्य करायलाच हवं, म्हणून एकाच्या बदल्यात दुसरं असं न करता आठवड्यातून एक-दोन दिवस मासे आणि पंधरा दिवसांनी मटण असं मी ठेवते. घरी कोणी गरोदर असेल तर मोरी (शार्क) किंवा खूप मोठी सुरमई टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, लहान मासे बरे.

पावसाळ्यात काय करायचं हेही आधीच ठरवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, त्या दिवसांत "आजची ताजी सुरमई" कोणी म्हणालं तर जरा विचारा कुठून आली. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे नंतर तिकडचा माल बर्फात इकडे येतो, तो वाईटच असतो असं नाही पण ताज्याचा भाव देऊ नका. त्यापेक्षा खाडीतलं जे मिळेल ते, नाहीतर सुकवलेली मासळी, म्हणजे सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील. आणि वर्षभर एक पाळा, तळहातापेक्षा लहान पापलेटं घेऊ नका. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि तोच पिल्लं असतानाच जाळ्यात जातोय, आपण घेतलीच नाहीत तर ती आणायचं कारण तरी कमी होईल.

उरलेले मासे फ्रीजमध्ये धुऊन, कोरडे करून, झाकणाच्या डब्यात तळाशी जाळी नाहीतर उलटी वाटी ठेवून ठेवा म्हणजे सुटलेल्या पाण्यात पडून राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी संपवा. जास्त दिवस ठेवायचे तर एका वेळेचे एक असे चपटे पॅकेट करून फ्रीजर, आणि काढल्यावर ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच रात्रभर सुटू द्या. खवले, कल्ले, कोळंबीची सालं हा कचरा दुपारी डब्यात टाकला तर संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर कळतं आज तुमच्याकडे काय होतं ते, म्हणून तो पिशवीत गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि सकाळी ओल्या कचऱ्याची गाडी आली की सरळ तिच्यात.