खर्चाचं वर्गीकरण: या चुका टाळा, निदान त्याच त्या तरी करू नका

कॉस्ट शीट, म्हणजे वस्तूच्या खर्चाचा मांडलेला हिशेब, तपासायला घेतली की पहिल्या पाच-सात ओळींतच कळतं, समोरच्यानं विषय समजून घेतलाय की तक्ता पाठ केलाय. तक्ता पाठ करणारे हल्ली फार वाढलेत. डावीकडे खर्चाचं नाव, उजवीकडे शिक्का: मजुरी डायरेक्ट, भाडं फिक्स्ड, वीज व्हेरिएबल, संपलं. परीक्षेत त्यावर मार्क मिळतही असतील, पण खरी फाइल हातात आली की हाच तक्ता अंगलट येतो. कोणत्याही खर्चावर कायमचा शिक्का नसतो. आपण काय शोधतोय आणि कुठला निर्णय घ्यायचाय, हे आधी ठरतं. शिक्का त्यानंतर.

डायरेक्ट म्हणजे व्हेरिएबल नव्हे

ही माझी सगळ्यांत नावडती चूक. नवशिके तर करतातच, पण वर्षानुवर्षं कॉस्टिंग करणारेही करतात, तेव्हा जास्त चीड येते. ‘डायरेक्ट म्हणजेच व्हेरिएबल, इनडायरेक्ट म्हणजेच फिक्स्ड’ असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं आणि पुढची सगळी गणितं त्यावर उभी राहतात.

मुळात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डायरेक्ट-इनडायरेक्ट ठरवताना आपण विचारतो, हा खर्च अमुक एका नगावर, ऑर्डरवर किंवा विभागावर नेमका बोट ठेवून दाखवता येतो का? फिक्स्ड-व्हेरिएबल ठरवताना विचारतो, उत्पादन वाढलं किंवा घटलं तर एकूण खर्च हलतो का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. एकाच वस्तूसाठी मुद्दाम बनवून घेतलेला साचा घ्या. तो त्या वस्तूचा डायरेक्ट खर्च आहे, पण शंभर नग काढा नाहीतर हजार, साच्याची रक्कम तीच. उलट मशीनला लागणारं वंगण कुठल्या नगासाठी किती गेलं हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून ते इनडायरेक्ट. मशीन जास्त चाललं की ते जास्त लागतं, म्हणून बरंचसं व्हेरिएबल.

मजुरीचं तर सांगूच नका. पुस्तकात ‘डायरेक्ट मजुरी’ व्हेरिएबल धरलेली असते, कारण तिथला कामगार नगावर पैसे घेतो. तुमच्याकडचा कामगार महिन्याच्या पगारावर असेल आणि काम कमी असतानाही त्याला पूर्ण पगार मिळत असेल, तर ती मजुरी वस्तूवर दाखवता येते म्हणून डायरेक्ट, पण वागते फिक्स्डसारखी. उत्पादन निम्म्यावर आणलं की मजुरीही निम्मी होईल असं गृहीत धरून बजेट करणाऱ्यांना महिनाअखेरीस पगारपत्रकच उत्तर देतं.

आणखी एक गोष्ट सटकते. ‘डायरेक्ट’ हा शब्द एकटा निरर्थक आहे. कशाच्या बाबतीत डायरेक्ट, ते सांगावं लागतं. दुरुस्ती विभागाच्या फोरमनचा पगार त्या विभागापुरता डायरेक्ट, वस्तूच्या बाबतीत इनडायरेक्ट. कशाचा खर्च काढतोय ते बदललं की शिक्का बदलतो. गोंद किंवा खिळे प्रत्येक नगावर मोजता येतील, नाही असं नाही, पण मोजण्याचा खटाटोप त्या गोंदापेक्षा महाग पडतो, म्हणून आपण ते ओव्हरहेडमध्ये, म्हणजे इनडायरेक्ट खर्चांच्या गठ्ठ्यात, टाकतो. हा व्यवहाराचा निर्णय आहे, व्याख्येचा नाही.

माझी सवय साधी आहे. दोन प्रश्नांना दोन वेगळे कॉलम, आणि पहिल्या कॉलमच्या डोक्यावर ‘कशाचा?’ असं लिहिलेलं. तयार एक्सेल टेम्प्लेटमध्ये ‘कॉस्ट टाइप’ असा एकच कॉलम आणि त्यात चारही शब्दांची यादी दिसली की मी ती फाइल बंद करतो. ज्यानं बनवली त्यालाच फरक कळलेला नाही, आणि इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्यांना तर त्याहून कमी.

फिक्स्ड खर्च नगांनी भागला की घात झालाच म्हणून समजा

एका छोट्या कारखान्याचं उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. महिन्याला १०,००० नगांची क्षमता. व्हेरिएबल खर्च नगाला ६० रुपये, फिक्स्ड खर्च महिन्याला ४,००,००० रुपये. पूर्ण क्षमतेला नगाचा परिव्यय, म्हणजे एकूण खर्च, १०० रुपये, विक्री ११५ ला. सगळं ठीक.

मग मागणी घटली आणि उत्पादन ८,००० वर आलं. हिशेबनिसानं ४,००,००० ला ८,००० नं भागलं, ५० आले, त्यात ६० मिळवले आणि मालकापुढे कागद ठेवला: आता परिव्यय ११०, मार्जिन फक्त ५. मालकानं भाव १२५ केला. त्याच सुमाराला एका गिऱ्हाइकानं ९० रुपयांनी २,००० नगांची एकगठ्ठा ऑर्डर देऊ केली होती. ‘नगामागे वीस रुपये तोटा’ म्हणून ती परत पाठवली. भाव वाढल्यावर जुनी गिऱ्हाइकंही पांगली, उत्पादन ५,००० वर आलं, पुन्हा भागाकार झाला, आता परिव्यय १४०. मला बोलावलं तेव्हा चर्चा चालली होती ती भाव १५० करायचा की १५५, याची.

हाच हिशेब नीट मांडून पाहा. ८,००० नग जुन्याच भावानं, ११५ लाच, विकले असते तर प्रत्येक नगानं ६० वजा जाता ५५ दिले असते. एकूण ४,४०,०००. फिक्स्ड खर्च वजा जाता ४०,००० नफा. मशीनं रिकामीच होती, त्यामुळे ९० वाली ऑर्डर घेतली असती तर तिनं नगामागे ३० प्रमाणे आणखी ६०,००० आणले असते. त्याऐवजी ५,००० नग १२५ नं विकून ६५ प्रमाणे ३,२५,००० आले आणि महिन्याला ७५,००० चा खड्डा पडला. या सगळ्यात नगामागचा खरा खर्च एका पैशानंही वाढला नव्हता. वाढला होता तो फक्त भागाकार.

फिक्स्ड खर्च एकूण रकमेत स्थिर असतो, नगामागे बदलतो. व्हेरिएबल नगामागे स्थिर, एकूण रकमेत बदलतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि निर्णयाच्या वेळी कोणालाच आठवत नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक २ देखील साठ्याच्या मूल्यांकनासाठी हेच बजावतं: फिक्स्ड उत्पादन ओव्हरहेड सर्वसाधारण क्षमतेच्या आधारानं नगांवर वाटायचा, उत्पादन घटलं म्हणून नगावरचा वाटा फुगवायचा नाही, न वाटली गेलेली रक्कम त्या काळाचा खर्च म्हणून दाखवायची.

मी निर्णयासाठीच्या कागदावर फिक्स्ड खर्चापुढे ‘प्रति नग’ हा रकानाच ठेवत नाही. एक रक्कम, खाली, एकदाच. मात्र याचा उलटा अर्थ काढून ‘६० च्या वर मिळेल त्या भावानं विका’ म्हणणारेही भेटतात, आणि ते तितकेच धोकादायक. तसली ऑर्डर क्षमता रिकामी असताना, नवा फिक्स्ड खर्च होणार नसताना आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो भाव मागायची सोय नसतानाच घ्यावी. शिवाय फिक्स्ड म्हणजे अमर्याद फिक्स्ड नाही. दुसरी पाळी सुरू केली की दुसरा सुपरवायझर येतो आणि खर्च एका झटक्यात एक पायरी वर चढतो.

हाय-लो पद्धतीत चुकीचा ‘हाय’

वीज, दुरुस्ती, टेलिफोन हे थोडे फिक्स्ड, थोडे व्हेरिएबल. अशा निमस्थिर खर्चातले हे दोन भाग वेगळे काढायला हाय-लो पद्धत, म्हणजे दोन टोकांच्या महिन्यांतल्या फरकावरून हिशेब, वापरतात आणि दहातले निम्मे जण सर्वांत मोठं बिल आणि सर्वांत लहान बिल उचलतात. उचलायची असते ती सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी *कामाची* पातळी, बिलाची नव्हे.

समजा ४,००० मशीन-तासांना दुरुस्ती ९२,०००, ९,००० तासांना १,५२,०००, आणि मध्येच एका महिन्यात ८,००० तासांना १,६०,०००, कारण त्या महिन्यात मोठी मोडतोड झाली. बरोबर उत्तर: खर्चातला फरक ६०,००० भागिले तासांतला फरक ५,०००, म्हणजे तासाला १२, आणि उरलेले फिक्स्ड ४४,०००. बिल बघून गेलात तर ६८,००० भागिले ४,०००, तासाला १७, फिक्स्ड २४,०००. एकाच कागदावरून दोन वेगळे कारखाने दिसायला लागतात. मी आधी सगळे महिने आलेख-कागदावर ठिपक्यांनी मांडतो. दोन मिनिटं लागतात, आणि मोडतोडीचा महिना बाकीच्यांपासून फटकून बसलेला लगेच दिसतो. थेट सूत्रात आकडे कोंबणाऱ्यांना या दोन मिनिटांचा फार कंटाळा असतो.

बाकीच्या, चालता चालता

आयकर, लाभांश, देणगी, मालमत्ता विकून झालेला तोटा हे कॉस्ट शीटमध्ये घालू नका. ते वित्तीय हिशेबाचे.

आत येणाऱ्या मालाची वाहतूक कच्च्या मालात, बाहेर जाणाऱ्याची विक्री-वितरणात. वर्षानुवर्षं तीच चूक.

वस्तू ज्याशिवाय हातातच घेता येत नाही ते पॅकिंग उत्पादनात; वाहतुकीसाठीचं खोकं वितरणात.

कच्चा माल ‘वापरलेला’ दाखवा, ‘खरेदी केलेला’ नव्हे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा. तयार मालाचा साठा उत्पादन परिव्ययानंतर जुळवा, प्राइम कॉस्टमध्ये, म्हणजे डायरेक्ट खर्चांच्या बेरजेत, घुसडू नका.

नुकसानीत नेहमीचं आणि अवचित वेगळं ठेवा. १,००० किलो मालावर ९५,००० खर्च, ५ टक्के घट नेहमीची, भंगाराला किंमत नाही, तर ९५० किलोवर किलोला १००. निघाले ९२० च, तर उरलेल्या ३० किलोंचे ३,००० कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्यात जातात. चांगल्या मालावर ते लादून ‘या महिन्यात परिव्यय वाढला’ म्हणणं ही निव्वळ पळवाट आहे.

ओव्हरटाइमचा जादा भाग सरसकट ओव्हरहेडमध्ये टाकणारे कारण विचारतच नाहीत. गिऱ्हाइकानं घाई केली म्हणून जादा वेळ लागला असेल तर तो त्या ऑर्डरचा डायरेक्ट खर्च. एकूणच काम जास्त असल्यानं लागला असेल तर ओव्हरहेड. मशीन मोडल्यासारख्या अवचित कारणानं लागला असेल तर परिव्ययाबाहेर. मी हजेरीपटावरच कारणाचं एक अक्षर लिहायला लावतो, कारण महिनाअखेरीस विचारलं तर सगळ्यांना एकच कारण आठवतं: ‘काम होतं साहेब.’