शिडाच्या छोट्या बोटीला आउटबोर्ड निवडताना

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन. त्यात आधी शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी बघा, हॉर्सपॉवर नंतर. शॉर्ट शाफ्ट १५ इंची, लाँग २० आणि एक्स्ट्रा लाँग २५. नांगर टाकायला माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला गेला की मागची बाजू उचलली जाते, लाटेत पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि नेमकी गरज असताना बोट हलत नाही. म्हणून २२ फुटी बोटीला लाँग किंवा एक्स्ट्रा लाँगच घ्या. माणूस पुढे उभा असतानाही पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली राहायला हवी.

ताकदीचा ढोबळ हिशेब: टनाला ४ हॉर्सपॉवर. कॅटालिना २२ ही २२ फुटी शिडाची बोट साधारण एक टनाची, तिला ४ ते ६ पुरतात. मुंबई बंदरासारखा ओहोटीचा जोर असेल तर ६च. ९.९ हॉर्सपॉवरचं घेऊन वेग फारसा वाढत नाही. ही बोट सहा नॉटच्या आसपास अडते. मागे वजन मात्र वाढतं.

पंखा कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा), हाय-थ्रस्ट म्हणजे जास्त रेटा देणारा मागा. वेगवान बोटीचा पंखा इथे निरुपयोगी.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवा. महिनाभर उभं राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा, नाहीतर जेट, म्हणजे त्यातलं इंधनाचं बारीक छिद्र, चोंदतो.