घराखालचं हॉटेल आधी धरा

नवीन शहरात उतरलात की बँक, सिम, ट्रेनचा पास ही कामं तुम्ही करालच. माझं सांगणं वेगळंय. पहिल्याच आठवड्यात घरापासून पायी पाच मिनिटांवरचं एक छोटं हॉटेल धरा आणि दर आठवड्याला त्याच वारी जा, जेवण ठीकठाक असलं तरी चालेल.

मी नेमकं उलटं केलं. दोन वर्षं दर रविवारी तासभर ट्रेनने आपल्या लोकांच्या हॉटेलात जायचो, घराखालच्या हॉटेलवाल्याला माझं तोंडही माहीत नव्हतं. त्यात त्या लांबच्या हॉटेलातच एकाने आपल्याच भाषेत गोड बोलून माझ्याकडून रूमचं डिपॉझिट घेतलं, ना पावती ना करार, मीही मागायला लाजलो आणि दुसऱ्या महिन्यात साहेब गायब. तिथला हॉटेलवाला म्हणाला, गिऱ्हाईक होतं, मी कुठे ओळखतो! म्हणून सांगतो, हॉटेलात ओळखी करा, खोल्यांचे पत्ते घ्या, पण करार हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. भाषा एक असली तरी नाही. गाव एक असलं तरी नाही.

दुपारची गर्दी ओसरली की जा, तेव्हा मालक गल्ल्यावर निवांत असतो, बोलतो. कुठलं घर रिकामं होतंय, कोण डिपॉझिट अडकवतो, त्याला सगळं आधी कळतं. ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं, जवळच्या मित्रांना जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं, नवी खबर तोंडओळखीच्या माणसाकडून येते. आणि शिकागोत १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेच्या वर माणसं गेली, तेव्हा शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांपैकी जिथे दुकानं-हॉटेलं चालू, रस्त्यावर वर्दळ, तिथे मृत्यू कितीतरी कमी होते. एकटे राहणार असाल तर हे डोक्यात ठेवा, चार दिवस दिसला नाहीत तर विचारणारं कोणीतरी पाहिजे.

पार्सल स्वतः जाऊन आणा. अ‍ॅपवाले बऱ्याच ठिकाणी बिलाचे १५ ते ३० टक्के कापतात, वर मालकाला तुमचं तोंड दिसत नाही ते वेगळंच. टिपचं शेजारच्या टेबलाकडे बघून ठरवा.

आपल्यातले काही जण एका कपावर तीन तास टेबल अडवतात, वाढणाऱ्यावर खेकसतात आणि मग म्हणतात इथली माणसं तुसडी. त्यांच्या टेबलावर बसू नका. आणि वाढणाऱ्याचं नाव पहिल्या दिवशीच विचारा, मी सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा त्याला माझं पाठ होतं.