युरोपीय जोडीदारासोबत राहण्याचा हक्क आणि गावाकडची कागदपत्रे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील मुलीचे लग्न फ्रेंच नागरिकाशी झाले आणि दोघांना स्पेनमध्ये संसार थाटायचा असेल, तर तिला युरोपीय संघाचा २००४/३८ हा निर्देश (संघाच्या नागरिकाला व त्याच्या कुटुंबीयांना दुसऱ्या सदस्य देशात राहण्याचा हक्क देणारा कायदा) लागू होतो. मात्र नवरा फ्रान्समध्येच राहणार असेल, तर एरवी फ्रान्सचे स्वतःचे नियम चालतात. अपवाद आहे, आणि तो एका भारतीयामुळेच रुळला: ब्रिटिश पत्नीसोबत जर्मनीत राहून तेव्हा सदस्य असलेल्या ब्रिटनला परतलेल्या सुरिंदर सिंग यांच्या खटल्यात, दुसऱ्या सदस्य देशात नोकरी करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही हा हक्क मिळतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिला.

खरी मेहनत गावातच करावी लागते. जोडीदार परधर्मीय असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये लग्न करावे. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. विवाहाच्या दाखल्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचे प्रमाणन) घ्यावे. तथापि, संबंधित देशाला ते चालते का, हे त्याच्या वकिलातीत आधीच विचारावे. नावाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनंदाबाई’ आणि पासपोर्टवर ‘सुनंदा’, एवढ्या फरकानेही अर्ज अडू शकतो, म्हणून दुरुस्ती निघण्यापूर्वीच करून घेणे हिताचे.

या निर्देशाखालील प्रवेश व्हिसाला शुल्क नसते. तेथे तीन महिन्यांहून अधिक राहायचे असल्यास निवास कार्डासाठी अर्ज करावा. सोबत पासपोर्ट, विवाहाचा पुरावा आणि जोडीदाराच्या त्या देशातील नोंदणीचा दाखला जोडावा. जोडीदार नोकरी वा व्यवसाय करणारा, किंवा पुरेसे उत्पन्न व आरोग्य विमा असलेला हवा. अर्जाची पोच तत्काळ व कार्ड सहा महिन्यांच्या आत मिळायला हवे. त्यानंतर नोकरीसाठी वेगळ्या परवान्याची गरज राहत नाही.

पाच वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो. वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंतची अनुपस्थिती चालते, आणि बाळंतपणासाठी माहेरी यायचे झाल्यास एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत राहिल्यानेही हे सातत्य तुटत नाही.