नळ्या उन्हात ठेवण्यापूर्वी

सोलापुरात एप्रिल महिन्यात उन्हाची तजवीज करावी लागत नाही. पाण्यातला पदार्थ उन्हात किती वेगाने विघटित होतो आणि त्यावर सामूचा (pH) काय परिणाम होतो, हे पाहायचे तर तजवीज करायची ती सामूची, आणि तीही द्रावणाच्या नळ्या गच्चीवर नेण्याच्या आदल्या दिवशी. पॅरा-नायट्रोफेनॉल या आयनरूपात पिवळ्या दिसणाऱ्या पदार्थाचे विघटन पाहायचे असेल, तर ७.१५ हा त्याचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून आयनरूपात असतात तो आकडा) वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. सामू ५ असताना त्याचे जेमतेम ०.७ टक्के रेणू आयनरूपात असतात, सामू ९ असताना ९८ टक्क्यांहून अधिक. मूळ रेणू ३१७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि आयन ४०० च्या आसपास, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन नळ्या एकाच उन्हातून सारखा प्रकाश घेत नाहीत. विघटनाचा वेग बदलला तो शोषण बदलल्यामुळे की शोषलेल्या प्रकाशाचा परिणाम बदलल्यामुळे, हे नंतर ठरवता यावे म्हणून प्रत्येक सामूचा शोषण-वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) आधीच काढून घ्यावा.

पाणी डिस्टिल्डच वापरावे. बोअरच्या पाण्यातील नायट्रेट उन्हात हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) निर्माण करते आणि बायकार्बोनेट तीच मूलके गिळते, मग सामूचा परिणाम त्यातून निवडणार कसा? अभिक्रियेत आम्ले तयार होत असल्याने बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारी द्रावणे, हवीतच: सामू ५ साठी अ‍ॅसिटेट, ७ साठी फॉस्फेट, ९ साठी बोरेट. तिन्ही बफरच्या, पण पॅरा-नायट्रोफेनॉलविना, अशा नळ्याही तपासून ठेवाव्यात. तापलेल्या स्लॅबवर नळ्या थेट न ठेवता पाण्याच्या घमेल्यात ठेवाव्यात आणि सामूमापकाचे अंशांकन त्याच तापमानाला करावे, कारण २५ अंशांना ९.१८ असलेले बोरॅक्सचे प्रमाण द्रावण ४० अंशांना ९.०७ दाखवते.

सर्वांत जास्त फसवणूक नमुना मोजताना होते. पिवळा रंग फिका पडला म्हणजे पदार्थ संपला असे नव्हे; नुसते आम्ल वाढले तरी तो फिका पडतो. म्हणून बाहेर काढलेला प्रत्येक नमुना मोजण्यापूर्वी पुरेशा कॉस्टिक सोड्याने सामू १० च्या वर नेऊन मगच ४०० नॅनोमीटरला वाचावा. सोड्याची बाटली विसरलात, तर दिवसभराच्या वाचनांचा काही उपयोग नाही.

याच नळ्यांत पुढे २-नॅफ्थॉल हा दुसरा पदार्थ घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. अंधारात त्याचा पीकेए ९.५ च्या आसपास असतो, प्रकाशाने उत्तेजित झाल्यावर मात्र तो ३ च्या खाली येतो. म्हणजे सामू ६ च्या पाण्यात शांत बसलेला रेणू उजेड पडताच प्रोटॉन सोडू शकतो, आणि सामूमापकाला याचा पत्ता लागत नाही.

अंधारातील तुलनेसाठी प्रत्येक सामूची एक नळी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून त्याच घमेल्यात ठेवावी, सर्व नळ्या एकाच काचेच्या असाव्यात, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता झाकणाच्या वेगळ्या बाटलीत साठवावे.